काम मागणारा आणि उत्तर देणारे
(नंदाखाल येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



भातकापणी उरकली, दिवाळी सरली की आपल्याच जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतल्या पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे खाली उतरू लागतात. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी रेतीवर, कोणी बांधकामावर. निघण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेले ते पैसे भट्टीवर राबून फेडायचे असतात. आईबापांबरोबर मुलेही जातात, त्यांची शाळा सुटते आणि मृगाच्या तोंडावर सगळे पाड्यावर परततात तेव्हा हाती उरते ते फारच थोडे. हे दर वर्षी घडते, ठरलेल्या महिन्यांत घडते आणि तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सर्वांना ते माहीत आहे. म्हणूनच, सामाजिक प्रश्नाला सरकार धोरणाने कसे उत्तर देते हा विषय मांडताना मला फार दूर जावेसे वाटत नाही. आपल्या जिल्ह्यापुढचा हा प्रश्न आणि महाराष्ट्रानेच शोधलेले रोजगार हमीचे उत्तर नीट पाहिले तरी पुष्कळ कळते.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. सरकारी मदतीची रक्कम किती, यावर धोरणाचे यश जितके ठरते, त्याहून जास्त ते ती मदत सुरू करण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर ठरते. गरजवंताने मागितले की सरकारला ठरल्या मुदतीत उत्तर द्यावेच लागते, अशी रचना असेल तर धोरण चालते. मदत केव्हा, कोणाला आणि किती दिवस द्यायची हे देणाराच ठरवत असेल, तर सद्हेतू असूनही ती नेमकी गरजेच्या वेळी पोहोचेल याची खात्री नसते. या दाव्याला आपल्याच इतिहासात भरपूर पुरावा आहे.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारने दुष्काळी कामे काढली होती. पण उपाशी माणसाला किती धान्य पुरते हे सर रिचर्ड टेंपल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी ठरवले आणि दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे एवढ्यावर मजुरी आणली. त्यावर हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्ज-विनंत्या करून सरकारपुढे वस्तुस्थिती मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या. त्या अगोदरच्या मनमानीपेक्षा निश्चित पुढच्या होत्या, परंतु त्या लिहिल्या होत्या अधिकाऱ्यांना उद्देशून. कलेक्टरने काय करावे हे त्यांत होते. कलेक्टरने ते केले नाही तर रयतेने काय करावे, हे नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून या संहितेतल्या तरतुदी शेतकऱ्यांना मराठीत समजावून दिल्या, तेव्हा सरकार अस्वस्थ झाले. नियम तेच होते. रयत ते वाचू लागली, एवढाच फरक पडला होता.

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय वि. स. पागे यांना जाते. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर येथे एक प्रयोग करून पाहिला: जो काम मागेल त्याला काम द्यायचे. तो प्रयोग छोटा होता. त्याला राज्याचे धोरण बनवले ते १९७२ च्या दुष्काळाने. सलग दोन-तीन वर्षे पाऊस रुसला होता आणि १९७२-७३ मध्ये राज्यातले धान्याचे पीक नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेले. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव आणि नालाबांध बांधत होती. त्याच काळात आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडला होता. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की तिथे दरडोई धान्य महाराष्ट्रापेक्षा जास्त होते, तरीही तिथे माणसे भुकेने मेली आणि महाराष्ट्रात मोठी प्राणहानी टळली. धान्य घेण्यापुरती मजुरी लोकांच्या हाती पडत होती, हे त्याचे मुख्य कारण. पण ती आपोआप पडली नाही. मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांना घेराव पडले, डाव्या पक्षांनी आणि मजुरांच्या संघटनांनी कामे मागून घेतली. दुष्काळाच्या त्या वर्षांत राज्यकर्त्यांना जे कळले ते १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात उतरले. सर्व पक्षांच्या पाठिंब्याने मंजूर झालेला हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. भत्ता दिवसाला रुपयाचाच होता, पण एका राज्य सरकारने भूमिहीन मजुरापुढे स्वतःला देणेकरी ठरवले होते. स्वतंत्र भारतात असे त्यापूर्वी झाले नव्हते.

या हमीच्या पैशाची सोय तितकीच विचारपूर्वक केली होती. आपल्यापैकी जे नोकरदार आहेत त्यांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले दिसतात. वर्षाचे २,५०० रुपये. हा कर १९७५ साली लावला गेला तो रोजगार हमीसाठी. त्याच्या जोडीला मोटारवाहने, विक्रीकर, बागायती जमिनी यांवरही भार टाकला आणि या करांतून जितके जमेल तितकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. विरार लोकलने रोज चर्चगेटला जाणारा कारकून आणि मोखाड्याच्या माळावर बांध घालणारी बाई यांच्यामध्ये कायद्याने असा एक धागा जोडला. शहराने हा भार फार कुरकुर न करता उचलला, कारण गावात काम मिळाले तर शहरावर लोंढे येणार नाहीत हा हिशेब त्यालाही पटला होता. बागायतदारांनी तो उचलला, कारण पाझर तलावाचे पाणी त्यांच्या विहिरींना मिळणार होते. यावर टीकाकार म्हणतात की मग गरिबांच्या नावाने फायदा सधन शेतकऱ्यांचाच झाला. टीका खरी आहे. पाणी ज्याची जमीन त्यालाच मिळाले, भूमिहीनाला मजुरीवर थांबावे लागले. तरी एवढे म्हणावे लागते की निव्वळ गरिबांच्या भल्यासाठी काढलेल्या कितीतरी योजना सरकार बदलताच बंद पडल्या आणि ही चार दशकांहून अधिक काळ टिकली. देणाऱ्याचाही तिच्यात थोडा स्वार्थ गुंतला होता म्हणून टिकली.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे वळतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या परिसरात कुपोषणाने मुले दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हा हमीचा कायदा लागू होऊन १३-१४ वर्षे झाली होती. मग मागण्याच्या हक्काचे माझे म्हणणे कुठे राहिले? मी असे म्हणतो की त्या पाड्यांवर हक्क कागदावर होता आणि काम सुरू करण्याचा अधिकार हळूहळू कचेरीकडे परत गेला होता. हे कसे घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. नवे काम काढायला किमान ५० मजूर हवेत, असा नियम होता. बारा घरांच्या पाड्याने ५० मजूर कुठून आणायचे? लोक तोंडी काम मागत, पण लेखी मागणी आणि तिची तारखेची पोच नसेल तर १५ दिवस कधीपासून मोजायचे? पोच नाही म्हणून मुदत नाही, मुदत नाही म्हणून भत्ता नाही. कामांचा आराखडा तयार नसेल तर ‘काम उपलब्ध नाही’ हे उत्तर तयार असते. काम निघाले तरी हजेरीपट, मोजमाप आणि मंजुरी यांत मजुरी अडकते, आणि आज कमावून आज खाणाऱ्याला महिन्याने मिळणारी मजुरी परवडत नाही. तो उचल देणाऱ्या मालकाकडे जातो. १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी वाढली तेव्हा काय झाले, याचा मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला फार बोलका वाटतो. मजुरी वाढल्यावर कामावर येणारे वाढायला हवे होते. ते घटले, आणि अभ्यासाचा निष्कर्ष असा की खर्च आवरण्यासाठी कामेच कमी काढली गेली. कायद्याचे एक अक्षरही न बदलता हमी पातळ करता येते, हे त्यातून दिसते.

वावर-वांगणीनंतर सरकार स्वस्थ बसले नाही, हेही नोंदवले पाहिजे. आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली; २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळू लागले. हे जेवण चांगले आहे, आवश्यक आहे. पण आई कार्तिकात भट्टीवर गेली की तिचे ताट गावच्या अंगणवाडीत राहते. तिला गावात रोखून धरणारी गोष्ट म्हणजे गावातले काम, वेळेवर मजुरी देणारे. आहार, आरोग्य आणि शाळा या तिन्ही खात्यांचे पैसे रोजगाराच्या एका खात्यातल्या दिरंगाईमुळे वाया जातात.

दुसरा आक्षेप वसईत नेहमी ऐकू येतो. सरकारी कामे मिळाली तर वाडीला, बांधकामाला मजूर मिळणार नाहीत. मिळतील, फक्त जास्त मजुरी द्यावी लागेल. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. या दराहून कमी दिले तरच मजूर जातो, तेव्हा कमी मजुरीवरच ज्यांचा व्यवसाय चालतो त्यांनी आपला हिशेब पुन्हा तपासावा. मजुराला नकार देता येणे, यातच त्याचे माणूसपण आहे. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठ नाकारली तेव्हा जमीनदारांची तक्रार हीच होती. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी आपल्या वसई तालुक्यात वेठबिगार सुटू लागले ते विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी माणसे संघटित करून त्यांना कचेरीपर्यंत नेले तेव्हा. कायद्याला मागणारा मिळाल्याशिवाय तो चालत नाही, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

आणखी एक विचार आहे आणि तो भली माणसे मांडतात: सरकारवर कशाला विसंबायचे, समाजाने स्वतः उभे राहावे. वसईने हे करून दाखवले आहे. पापडीत १९१८ साली सुरू झालेली बसीन कॅथलिक बँक लहान लहान ठेवींतून वाढली. पण सहकाराला आधी ठेव लागते. ज्याच्याकडे ठेवायला काहीच नाही, त्याला सहकाराच्या पहिल्या पायरीपर्यंत आणून सोडणे हे सरकारचेच काम आहे. आणि आपणही सरकारपासून दूर राहून काही मिळवले नाही. हरित वसईच्या चळवळीचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. त्या चळवळीत इथल्या लोकांनी विकास आराखड्यावर हजारो हरकती नोंदवल्या, त्यांच्या पोचपावत्या घेतल्या, सुनावण्यांना गेले. शिकलेल्या गावाने सरकारला उत्तर द्यायला लावले. पाड्यावरच्या माणसाला तेवढीच सोय हवी आहे.

अलीकडे थेट खात्यात पैसे देण्याकडे सरकारांचा कल आहे. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. ज्या घरात ते पोहोचले तिथे त्यांचा आधार झाला आहे, आणि म्हाताऱ्या, आजारी, काम न करू शकणाऱ्या माणसांना रोख मदतच योग्य. माझा आक्षेप रोख रकमेला नाही. ही योजना शासन निर्णयाने आली आणि शासन निर्णयाने तिच्या अटी बदलू शकतात. विधिमंडळाचा कायदा तिच्यामागे नाही. वगळल्या गेलेल्या बाईने ठरल्या मुदतीत उत्तर मागावे अशी तरतूद तिच्यात घाला, बेकारी भत्त्यासारखा चुकल्याचा दंड सरकारवर बसवा, मग ती खरे सामाजिक धोरण होईल.

२००५ साली केंद्राने महाराष्ट्राचे हे तत्त्व देशाच्या कायद्यात घेतले: वर्षाला १०० दिवस, १५ दिवसांची मुदत, मागणीची तारीखवार पोच. योजनांची नावे आणि दिवसांचे आकडे बदलत राहतात. मागणी, मुदत आणि चुकल्यास दंड, या तीन गोष्टी शाबूत आहेत की नाहीत, हे प्रत्येक वेळी पाहायचे असते.

म्हणून नंदाखालच्या शिकलेल्या, नोकरदार मंडळींना माझी एक विनंती आहे. तुमच्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर रोजगार हमीसाठी लावला गेला होता. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा की या वर्षी या जिल्ह्यात किती जणांनी लेखी काम मागितले, किती जणांना पोच मिळाली, किती जणांना १५ दिवसांत काम मिळाले आणि ज्यांना मिळाले नाही त्यांपैकी किती जणांना भत्ता दिला. त्याला आकडे ठाऊक नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्ज लिहिता येणारी माणसे या सभागृहात पुष्कळ आहेत.