अर्धी मात्रा

आज एका कागदाची गोष्ट सांगते.

आमच्या गटानं ठरवलं होतं, गावातली हळदीची जुनी गाणी बँडवाल्यांना स्वरलिपीत लिहून द्यायची. बँडमधले क्लॅरिनेटवाले दादा पाच रेघांवरचं लिखाण वाचतात. माझी मुलगी हे लिहायला लिलिपॉन्ड वापरते. नेदरलँड्समधल्या दोघांनी १९९६ साली ते सुरू केलं, पैसे पडत नाहीत. त्यात माऊसनं स्वर ओढायचे नसतात, अक्षरं आणि आकडे टाइप करायचे. एका मात्रेला ४, अर्धीला ८, आणि ४ पुढे टिंब दिलं की दीड मात्रा. पान ते स्वतःच मांडतं.

आमच्या मावशी गायल्या, पोरीनं टाइप केलं. कागद निघाला तर तिसऱ्या ओळीपासून स्वर उजवीकडे पानाबाहेर! आम्ही आधी प्रिंटरलाच नावं ठेवली. मग कागद आडवा केला, अक्षरं बारीक केली. काही उपयोग नाही.

खरी गोम अशी, की हे सॉफ्टवेअर ओळ तोडतं ती उभ्या रेघेपाशी. एखादा स्वर रेघेच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे गेला, तर तिथं तोडत नाही. मध्ये अर्धी मात्रा जास्त झाली की पुढे रेघेरेघेवर असा एखादा स्वर बसत जातो. मग तोडायला जागाच उरत नाही.

चूक शोधायला पोरीनं प्रत्येक चार मात्रांनंतर उभी दांडी टाइप केली. हिशेब जुळला नाही, की कितव्या ओळीत ते संगणक सांगतो. सापडलं ते एक टिंब. तिनं ते खोडलं, पान एकदम देखणं झालं.

संध्याकाळी मावशींना ते संगणकावर वाजवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, ही तर पळाली. नवरीच्या नावावर मी थांबते ना!"

पुन्हा गाऊन घेतलं. दरवेळी त्या तिथं दीड मात्राच थांबल्या. टिंब बरोबरच होतं, आमचं चारचं माप चुकीचं होतं. पोरीनं टिंब परत ठेवलं, तेवढ्या एका घराला चारऐवजी साडेचार मात्रांचं माप दिलं, म्हणजे नऊ बटे आठ, आणि पुढच्या घरापासून पुन्हा चार. ओळी आपोआप जागेवर आल्या.

बाकी किरकोळ. 'ब्रेक' लिहून ओळी मावशींच्या श्वासापाशी तोडल्या. दादांना चष्मा आहे, म्हणून आकार नेहमीच्या २० वरून २६ केला. त्यापायी एक पान वाढलं.

तुमच्याकडे कुणी असं लिहीत असेल, तर दांड्या पहिल्यापासून टाका. आणि टिंब खोडण्याआधी गाणारीला एकदा विचारा. आमच्या मावशी त्र्याऐंशीच्या आहेत. अजून सहा गाणी लिहायची राहिलीत, गुरुवारी परत बसतोय.