नाजूक त्वचेची मुले आणि रोजची पट्टी
(वार्षिक सभेतील भाषण)



तान्ह्या बाळाला उचलून घ्यावे आणि जेथे हाताचा दाब पडला तेथेच पाण्याचा फोड यावा, असे पाहिल्यावर घरची माणसे घाबरून जातात. 'एपिडर्मोलिसिस बुलोसा' हा तो दुर्मिळ आनुवंशिक विकार. त्वचेचे थर घट्ट धरून ठेवणारी प्रथिने यात जन्मतःच सदोष असतात. त्याच्या एका तीव्र प्रकारात सातव्या प्रकारचे कोलॅजन जवळजवळ नसतेच. कपड्याच्या शिवणीनेही कातडी सुटते, व्रण भरताना बोटे एकमेकांना चिकटतात आणि अन्ननलिका आकसून घास गिळणे कठीण होते.

हा विकार स्पर्शाने पसरत नाही. ग्रहण पाळले नाही म्हणूनही तो होत नाही, तेव्हा मातेला दोष देणे अन्यायाचे आहे. या तीव्र प्रकारात आई व वडील दोघेही निरोगी दिसणारे वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणी बाळाला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल असलेल्या कुटुंबांत असा योग अधिक संभवतो. कुटुंबातील जनुकीय दोष आधी निश्चित झाला असल्यास पुढच्या गरोदरपणी, अकराव्या आठवड्यानंतर, वारेच्या नमुन्यावरून निदान करता येते.

जर्मनीतील बोखुम येथे २०१५ साली या विकाराच्या दुसऱ्या एका प्रकाराने पीडित सात वर्षांच्या मुलावर जनुक दुरुस्त केलेल्या त्वचेचे रोपण झाले. त्याच्या शरीराचा सुमारे ८० टक्के भाग नव्या त्वचेने झाकला गेला. २०२३ मध्ये अमेरिकेत जखमेवर लावण्याच्या जनुकीय औषधाला मान्यता मिळाली. ही वार्ता आशादायक असली, तरी असे उपचार सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

तोवर आधार आहे तो रोजच्या शुश्रूषेचा. फोड निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढावे, वरची साल तशीच राहू द्यावी. न चिकटणारी पट्टी बांधावी. चिकटपट्टी कातडीला कधीही लावू नये. जुनी पट्टी ओढू नये, कोमट पाण्याने भिजवून सोडवावी. हे आम्ही पालकांना शिकवू शकतो. मात्र पट्ट्यांचा खर्च वर्षानुवर्षे चालतो आणि तेथेच अनेक घरे खचतात.

यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. पट्टी मात्र वापरून टाकून द्यावी लागते, तिच्यावर कोणाचेच नाव राहत नाही. तरीही या मुलांसाठी आम्ही आपल्यापाशी तेच दान मागत आहोत.