जुन्या सीडीतला दर्या

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला, तेव्हा माझ्या कवितांची वही तिथे बहिणीकडे, तळमजल्यावरच्या कपाटात होती. पाणी ओसरल्यावर वहीचा लगदा हाती आला. राहिली ती रत्नागिरीत, राजिवड्याच्या घरी ठेवलेली एक सीडी. १९९९ साली त्या कविता मी एका डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतल्या होत्या.

भाच्याने ती फाइल लॅपटॉपवर उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण त्या काळचे आपले बहुतेक फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो नेमका फॉन्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही.

दुकान बंद झालं होतं. पण मालकांनी सेटअपची सीडी आणि काडेपेटीएवढं ‘कुलूप’, म्हणजे डोंगल, जपून ठेवलं होतं. ते दोन्ही आम्हाला दिलं. सेटअप १६ बिटचा, लॅपटॉपमधलं विंडोज ६४ बिटचं; सेटअप सुरूच होईना. मग भाच्याने व्हर्च्युअल मशीन तयार केलं, म्हणजे संगणकाच्या पोटात प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा संगणक. त्यात विंडोज ९८ घातलं. उदार मनाने २ जीबी मेमरी दिली, तर म्हणे मेमरी अपुरी! एवढी मेमरी त्या विंडोजला पेलतच नाही. २५६ एमबी दिली, तेव्हा गुमान चालू झालं.

सेटअप पूर्ण झाला, पण प्रोग्रॅम कुलूप मागू लागला. ते लागायचं प्रिंटरच्या जुन्या पोर्टला. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. यूएसबीची जोडवायर आणली, तर ती फक्त प्रिंटरला ओळखते. दोन रविवार असे गेले.

शेवटी भाचा म्हणाला, “मामू, आपल्याला टाइप करायचंय की वाचायचंय?” कुलूप होतं टाइप करण्याच्या प्रोग्रॅमला. फॉन्ट तर सेटअपबरोबरच फोल्डरमध्ये येऊन बसला होता! तो बाहेर काढून लॅपटॉपवर टाकला आणि बावीस वर्षांपूर्वीच्या ओळी समोर उभ्या राहिल्या.

मग मजकूर युनिकोडमध्ये बदलला. त्यात रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या जागा सोडून गेल्या. ‘कर्ज’चं ‘कजर्’ झालं. त्या चुका डोळ्यांना दिसल्या, मी दुरुस्त केल्या. नंतर भाचा अम्मीवरची कविता मोठ्याने वाचू लागला, तशी बहिणीने त्याला थांबवलं. “दऱ्या कसल्या रे? अम्मीच्या दारात दर्या होता!” माझ्या नजरेतून ती चूक निसटली होती.

तुमच्याकडेही जुन्या फाइली असतील. त्यांचा फॉन्ट मिळतोय तोवर जपून ठेवा, मजकूर युनिकोडमध्ये आणा, एक प्रत कागदावर काढा. आणि ती मोठ्याने वाचून घ्या, ज्यांना मूळ शब्द ठाऊक आहेत अशी माणसं घरात आहेत तोवर.