शिकायचं वय आणि शिकायची जागा



इतर महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात मुलांचं कौतुक पाहायला आईवडील येतात. आपल्या रात्र महाविद्यालयात कधीकधी आईच बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढते आणि मुलं खाली बसून टाळ्या वाजवतात. म्हणून आजचा विषय इथल्याच मंडळींचा आहे. तिशी-चाळिशी ओलांडल्यावर संगणकशास्त्र शिकावंसं वाटलं, तर जायचं कुठे?

आधी १९६५ सालच्या जून महिन्यात जाऊ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्या महिन्यात संगणकशास्त्रातली पीएचडी एका जोगिणीला दिली. सिस्टर मेरी केनेथ केलर हे तिचं नाव. जन्म १९१३ सालचा, म्हणजे पदवी हाती आली तेव्हा वय ५१. विसाव्या वर्षाच्या आत तिने धर्मसंघात प्रवेश केला होता. गणितातल्या पदव्या घेतल्या, शिकवण्याचं काम केलं आणि संगणक नावाचं यंत्र विद्यापीठांत येऊ लागलं तेव्हा चाळिशी उलटून गेलेली असताना ती त्याच्याकडे वळली. अमेरिकेत संगणकशास्त्रातली पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या दोघांत तिची गणना होते. तिच्या प्रबंधासाठीचे प्रोग्रॅम फोरट्रान भाषेत लिहिलेले होते. पुढे आयोवा राज्यातल्या क्लार्क कॉलेजात तिने संगणकशास्त्र विभाग उभा केला आणि वीस वर्षं चालवला. नोकरी करणाऱ्या आयांनी तान्ही मुलं घेऊन वर्गात यावं, असा तिचा आग्रह असे.

यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. विस्कॉन्सिन हे राज्याचं विद्यापीठ आहे, १८४८ साली स्थापन झालेलं, लोकांच्या पैशावर उभं राहिलेलं. नव्या शास्त्राचं दार पन्नाशीतल्या बाईला उघडं सापडलं, ते सरकारी विद्यापीठात.

ही परंपरा तिथे संपलेली नाही. अटलांटा शहरातलं जॉर्जिया टेक हेही राज्याचं विद्यापीठ. जानेवारी २०१४ मध्ये त्याने संगणकशास्त्रातली एमएस ऑनलाइन सुरू केली. संपूर्ण पदवीचा खर्च सुमारे सात हजार डॉलर. वर्गात बसून हीच पदवी घेणाऱ्या परराज्यातल्या विद्यार्थ्याला याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. विषय दहा, परीक्षा कडक, आणि प्रमाणपत्रावर ‘ऑनलाइन’ हा शब्दही नाही. अर्थतज्ज्ञांनी या अभ्यासक्रमाकडे येणाऱ्या अर्जांचा अभ्यास केला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. वर्गासाठी अर्ज करणारा सर्वसाधारण उमेदवार २४ वर्षांचा, नुकताच पदवीधर झालेला, बहुधा भारतातून आलेला. ऑनलाइनसाठी अर्ज करणारा मात्र ३४ वर्षांचा, नोकरीत स्थिरावलेला अमेरिकन. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना इथे प्रवेश मिळाला नाही, त्यांतले बहुतेक दुसरीकडेही शिकायला गेले नाहीत. या वयाच्या माणसांसमोर दुसरी परवडणारी वाटच नव्हती.

आता आपल्याकडे येऊ.

मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण १९७१ सालीच सुरू केलं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपण ज्याला इग्नू म्हणतो ते, १९८५ साली स्थापन झालं. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ते मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, आणि नंतर इग्नूचेही कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद. शेतकरी, गृहिणी, पोलीस शिपाई, गिरणीतून बाहेर पडलेला कामगार, अशा माणसाला पदवीधर होता यावं यासाठी हा सगळा खटाटोप झाला. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा होतात, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. स्वाध्याय हाताने लिहून अभ्यासकेंद्रात द्यायचे असतात. बीसीए आणि एमसीए दोन्ही तिथे करता येतात.

त्यानंतरचं मोठं पाऊल आयआयटी मद्रासचं. २०२० साली या संस्थेने डेटा सायन्समधली ऑनलाइन पदवी जाहीर केली. तिला जेईई लागत नाही आणि वयाची अट नाही. बारावी झालेली हवी, दहावीला गणित आणि इंग्रजी असायला हवं. आधी चार आठवडे प्रत्यक्ष अभ्यास करायचा, मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा द्यायची. पास झाला तर प्रवेश पक्का. उत्पन्न कमी असेल तर शुल्कात सवलत मिळते. मध्येच थांबावं लागलं, तर तोवर पूर्ण केलेल्या टप्प्याचं प्रमाणपत्र किंवा पदविका हातात राहते. प्रापंचिक माणसाला ही सोय फार मोलाची आहे.

तिथला एक विषय जवळून पाहण्यासारखा आहे. नाव ‘काँप्युटेशनल थिंकिंग’. संगणकशास्त्राची सुरुवात इथे चक्क कागदाच्या कार्डांनी होते. काही कार्डांवर विद्यार्थ्यांचे गुण, काहींवर एका परिच्छेदातले शब्द, काहींवर दुकानाची बिलं. गठ्ठ्यातलं एकेक कार्ड उचलायचं, त्यावरचा आकडा पाहायचा, आधीच्यापेक्षा मोठा असेल तर टिपून ठेवायचा आणि कार्ड बाजूला ठेवायचं. गठ्ठा संपला की सर्वांत मोठा आकडा हाती. मग प्रश्न अवघड होत जातात. एकाच दुकानात पुन्हापुन्हा येणारं गिऱ्हाईक कसं ओळखायचं? त्यासाठी एका वेळी दोन कार्डं समोर ठेवावी लागतात. ज्याने दहा वर्षं मेडिकलच्या दुकानात बिलं फाडली आहेत किंवा सोसायटीच्या हिशेबाचा ताळा जुळवला आहे, त्याला हा विचार परका नाही. अठरा वर्षांच्या मुलाला प्रश्न कल्पनेने समजून घ्यावा लागतो. चाळिशीतल्या माणसाने तो अनुभवलेला असतो. प्रौढ विद्यार्थ्याचं खरं भांडवल हेच आहे.

अर्थात कष्ट कमी नाहीत. एका विषयाला आठवड्याला साधारण दहा तास द्यावे लागतात, असं मद्रासची संस्था स्वतःच सांगते. नोकरी सांभाळून एका सत्रात एक-दोन विषय घेतले तरी खूप झालं. वर्षं जास्त लागली तरी बिघडत नाही.

सावधगिरी मात्र हवीच. ओडिशातल्या काही कनिष्ठ अभियंत्यांनी बढतीसाठी दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने, परवानगी नसताना काही अभिमत विद्यापीठांनी अशा प्रकारे दिलेल्या पदव्यांवर बोट ठेवलं. ज्यांनी पैसे भरले, रात्री जागून अभ्यास केला, त्यांच्या पदव्या एका निकालात अडचणीत आल्या. दोष त्यांच्या मेहनतीचा नव्हता. संस्थेने मान्यता घेतलेली नव्हती. म्हणून हे पक्कं लक्षात असू द्या: बीसीए, एमसीए दूरस्थ पद्धतीने करता येतं, बीटेक करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मान्य विद्यापीठाची आणि त्याच्या मान्य अभ्यासक्रमांची यादी असते. मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केलं आहे. तेव्हा ‘अशा पदवीला किंमत नसते’ असं कुणी म्हणालं, तर त्याला आयोगाचं ते स्पष्टीकरण दाखवा.

मोबाइलवर रोज खासगी संगणक अभ्यासक्रमांच्या जाहिराती येतात. सहा महिन्यांत नोकरीची हमी, लाखाचं शुल्क, सोपे हप्ते. प्रौढ माणसाला वेळ कमी असतो, म्हणून तो अशा हमीला पटकन भुलतो. त्याच पैशात सरकारी विद्यापीठातली कित्येक सत्रं होतात, आणि पदवी आयुष्यभर आपली राहते. संगणकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यासाठी सरकारी विद्यापीठ हीच पहिली निवड असायला हवी.

आज बक्षीस मिळालेल्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. ज्यांच्या मनात संगणक शिकायचा विचार आहे, त्यांनी येत्या रविवारी दोन कामं करावीत. आयोगाच्या यादीत आपल्या पसंतीचं विद्यापीठ आणि अभ्यासक्रम शोधावा, आणि घरातल्या मुलाचं दहावीचं गणिताचं पुस्तक मागून घेऊन पहिलं प्रकरण सोडवायला बसावं. अर्ज भरताना अडचण आली, तर इथल्या प्राध्यापकांना जरूर विचारा.