भार आणि कमान



मोटारगाडीची कमान हा विषय शाळामास्तराच्या अधिकारांतला नव्हे, असें आपणांपैकीं कोणास वाटल्यास नवल नाहीं. परंतु जेथें त्रैराशिक आलें, तेथें मास्तराचा थोडा हक्क पोंचतोच. आणि कमानीचा सारा व्यवहार त्रैराशिकाचाच आहे.

मी राहतों त्या पडेगांवावरून दौलताबाद, खुलताबाद आणि पुढें वेरुळाकडे जातां येतें. या वाटेनें जीपच्या जातीच्या गाड्या नित्य जातात. कोणींत पाण्याचीं पिंपें, कोणींत पेंडीचीं पोतीं. तर कोणी हौशी गृहस्थ टपावर लोखंडी जाळी, पुढें पोलादी बंपर आणि गाडी ओढून काढण्याचें विंच लावून डोंगरांत निघालेले. भार वाढला कीं गाडीचा मागला भाग बसतो. मग कारागीर सांगतो, "दोन पाटे वाढवा, नाहींतर जाड पाटे घाला." हा सल्ला कितपत घ्यावा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

या गाड्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धांत विलीज जीप प्रसिद्धीस आली आणि १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें ती पुढें आपल्या देशांत रुजविली. त्या जीपच्या चारही चाकांवर पाट्यांच्याच कमानी असत. २००० सालीं आलेल्या बोलेरोस पुढें वेटोळ्याची स्प्रिंग आणि मागें पाटे मिळाले. २०२० सालच्या थारमध्यें तर पुढें आणि मागेंहि वेटोळींच आहेत. रूप बदललें, नियम मात्र तोच राहिला. तो रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला : भार जितक्या पटीनें वाढेल, तितक्याच पटीनें कमान दबेल.

तेव्हां पहिलें काम वजनाचें. डोळ्यांनीं अदमास करूं नये. गाडी नेहमीच्या सामानासह, इंधन भरून, वजनकाट्यावर न्यावी. प्रथम सर्व गाडीचें, मग केवळ पुढच्या चाकांचें आणि मग केवळ मागच्या चाकांचें वजन घ्यावें. जागेचा हिशेबहि विसरूं नये. पुढल्या व मागल्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल आणि शंभर किलोचें ओझें मागल्या आंसाच्याहि मागें अर्धा मीटर ठेवलें, तर मागल्या चाकांवर एकशेंवीस किलो पडतात आणि पुढल्या चाकांवरचे वीस उचलले जातात. अशी गाडी वळणावर सुकाणूस नीट ऐकत नाहीं. पुष्कळदां ओझें वीतभर पुढें सरकविण्यानें जें साधतें, तें नव्या कमानीनेंहि साधत नाहीं.

आतां उदाहरण घेऊं. चाक, आंस, ब्रेक यांचें वजन कमानीवर नसतें. तें वजा जातां मागल्या प्रत्येक कमानीवर ४०० किलो भार आहे, आणि कमान दर सेंटिमीटरास २५ किलो घेते, असें समजूं. म्हणजे ती १६ सेंटिमीटर दबलेली आहे. तीवर कायमचे ७५ किलो वाढले, तर ती आणखी ३ सेंटिमीटर बसेल. भार एकोणीस टक्के वाढला. कमानीचा ताठरपणाहि साधारण तितकाच वाढवावा, म्हणजे २५ चे ३० करावे. दबणें पुन्हां सुमारें १६ सेंटिमीटरच राहतें. गाडीची उंची पूर्ववत् होते आणि तिच्या झोक्याची गतिहि बदलत नाहीं. सोळा सेंटिमीटर दबलेल्या कमानीचे झोके मिनिटास पंचाहत्तर पडतात. निरोगी माणसाची नाडीहि साधारण याच चालीची, हें ध्यानांत ठेवण्यास सोयीचें आहे.

या कमानींत पांच सारखे पाटे असतील, तर तसाच सहावा पाटा घातल्यानें ताठरपणा सुमारें पंचमांशानें वाढतो. आपल्या हिशेबास एवढेंच हवें होतें. दोन पाट्यांचें कारण नाहीं. जाड पाट्यांची गोष्ट याहून निराळी. ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. सहा मिलिमीटरचे पाटे काढून सातचे घातले, तर जाडी एका मिलिमीटरानें आणि ताठरपणा जवळजवळ साठ टक्क्यांनीं वाढला. वेटोळ्याच्या स्प्रिंगेंत तर तारेच्या जाडीचा चौथा घात येतो. तेरा मिलिमीटरच्या जागीं चौदाची तार म्हणजे चौतीस टक्के वाढ. दुकानांत शेजारीं शेजारीं ठेवलेल्या दोन स्प्रिंगांतला हा भेद डोळ्यांस दिसतहि नाहीं.

ताठ कमान भरल्या गाडीस शोभते. पण तीच गाडी ओझें उतरवून परत येते. साठ टक्के ताठ झालेल्या कमानीवर सामानहि नसलें, म्हणजे झोके मिनिटास पंचाहत्तरांचे चौऱ्याण्णव होतात. खडबडीत रस्त्यावर चाकें उड्या घेऊं लागतात, आणि उडालेल्या चाकास ब्रेक लावून उपयोग नाहीं. सकाळीं पाणी वाहणारी गाडी संध्याकाळीं आजारी माणसास दवाखान्यांत नेते. मागें निजलेल्या त्या माणसाचा विचार कमान निवडतांना प्रथम व्हावा.

म्हणून नित्याच्या भारापुरतीच मुख्य कमान बदलावी, आणि कधींमधीं येणाऱ्या भारास मदतीचा पाटा ठेवावा. दोनशें लिटर पाणी म्हणजेच दोनशें किलो. पिंपाचें वजन वेगळें. मदतीचा पाटा रिकाम्या गाडींत अलिप्त राहतो आणि ओझें चढलें कीं टेंकूस लागतो. वेटोळ्याच्या स्प्रिंगेंत हेंच काम आंत बसविलेली हवेची रबरी पिशवी करूं शकते.

कांहीं बारीक गोष्टी थोडक्यांत सांगतों. कमानी डाव्या-उजव्या जोडीनेंच बदलाव्या. स्प्रिंग ताठ झाली कीं तिचा झोका आवरणारा शॉक ॲब्सॉर्बरहि तिच्या जोडीचा घ्यावा. जुने पाटे भट्टींत तापवून त्यांस बांक देण्याचा स्वस्त उपाय टाळावा. पोलादाचें पाणी उतरतें आणि पाटे लवकरच पुन्हां बसतात. नवे पाटे बसविल्यावर कांहींशें किलोमीटरांनीं यू-बोल्ट पुन्हां आंवळावे. गाडी विनाकारण उंच करूं नये. उंच गाडी घाटाच्या वळणावर अधिक कलते, आणि तिच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नव्या कमानीनें गाडीची ऐपत वाढत नाहीं. आंस, टायर, ब्रेक आणि सांगाडा हीं पूर्वींचींच असतात. नोंदणीपत्रांत जें एकूण वजन लिहिलें आहे, त्यापलीकडे भार घालून रस्त्यावर येण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमानें मनाई आहे. आणि कायदा नसता, तरी कन्नडचा घाट उतरतांना ब्रेकनींच तें सांगितलें असतें. बसलेली कमान ही एक प्रकारें इशारा देणारी सोबतीण आहे. ताठ कमान घालून गाडी समतल दिसूं लागली, म्हणजे भार गेला असें नव्हे. तो दिसेनासा झाला, इतकेंच.

यास्तव कमानीस पैसे मोजण्यापूर्वीं काट्याचे पैसे मोजावे. काट्यावरून मिळालेले ते तीन आंकडे कागदावर लिहून कारागिरापुढें ठेवावे आणि मग त्याचा सल्ला विचारावा. आंकडे समोर असले म्हणजे कारागीर चांगला सल्ला देतो, आणि आपणांसहि तो पारखतां येतो.