एंटालीच्या फाटकाबाहेर



१६ ऑगस्ट १९४६. शुक्रवार. मुस्लिम लीगने पुकारलेला 'प्रत्यक्ष कृती दिन' कोलकात्यात उजाडला आणि दिवस कलायच्या आत शहर पेटलं. पुढच्या चार दिवसांत ४,००० हून अधिक माणसं मारली गेली असं मानलं जातं. दुकानांना कुलपं, धान्याची ने-आण बंद. एंटाली भागात लोरेटोच्या सिस्टरांच्या आवारात सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची मुलींची शाळा होती. वसतिगृहात सुमारे ३०० मुली, आणि कोठीत दाणा शिल्लक नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या मदर तेरेसा. १९२९ च्या जानेवारीत त्या कोलकात्याला आल्या, भूगोल आणि इतिहास शिकवू लागल्या, आणि १९३७ पासून मदर तेरेसा म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

त्या काळी लोरेटोच्या सिस्टर सहसा फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत. मदर एकट्या बाहेर पडल्या. रस्त्यावर प्रेतं पडलेली होती. सैनिकांच्या एका लॉरीने त्यांना अडवलं, या वेळी बाहेर फिरायचं नाही म्हणून बजावलं. मदरनी सांगितलं, माझ्या ३०० मुलींना खायला काही नाही, मला हा धोका पत्करावाच लागेल. सैनिकांपाशी तांदूळ होता. त्यांनी मदरना गाडीत घेतलं, शाळेपाशी आणून सोडलं आणि पोती उतरवून दिली.

श्रोतेहो, संकटातल्या प्रार्थनेविषयी बोलायचं तर मला आधी हा प्रसंग आठवतो, आणि यात प्रार्थना दिसत नाही म्हणूनच आठवतो. मठाचा दिवस पहाटे सुरू होतो तो ध्यान, मिस्सा आणि जपमाळेने. मदरच्या आयुष्यात हे आधी घडलेलं असायचं. त्यामुळे दारात संकट उभं राहिलं की जायचं की नाही, या प्रश्नात त्यांचा वेळ जात नसे. कसं जायचं, एवढंच उरे.

या दंगलीनंतर महिनाही लोटला नव्हता. १० सप्टेंबरला मदर प्रार्थना-एकांतासाठी दार्जिलिंगला निघाल्या आणि आगगाडीतच त्यांना मठ सोडून गरिबांत राहण्याची हाक ऐकू आली. पुढची हकिगत आपल्याला ठाऊक आहे. महागुरुस्वामी फर्दिनांद पेरिये यांनी त्यांना बराच काळ थांबवून ठेवलं, १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्या निळ्या काठाची पांढरी साडी नेसून बाहेर पडल्या, १९५० च्या ७ ऑक्टोबरला मिशनरीज ऑफ चॅरिटीची स्थापना झाली. १९५२ साली कालीघाटच्या मंदिराशेजारच्या धर्मशाळेत मरणासन्न माणसांसाठी 'निर्मल हृदय' सुरू झालं, तेव्हा धर्मांतराच्या संशयाने लोक खवळले, दगडही आले. पुढे त्याच मंदिराचा एक आजारी पुजारी, ज्याला कुठे थारा मिळत नव्हता, 'निर्मल हृदय'च्या खाटेवर शेवटपर्यंत जपला गेला, आणि विरोध निवळत गेला.

बैरूतची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगायला हवी.

१९८२ चा ऑगस्ट. इस्रायली सैन्याने पश्चिम बैरूतला वेढा घातला होता. तोफांचा मारा दिवसरात्र चालू होता. मदर ७१ वर्षांच्या होत्या. पूर्व बैरूतमध्ये त्यांच्या सिस्टरांचं घर होतं, तिथे त्या येऊन पोचल्या. पलीकडच्या भागात एका इस्पितळात मतिमंद आणि अपंग मुलं अडकून पडली आहेत, त्यांना सांभाळणारे बरेचसे पळून गेले आहेत, असं कळलं. मी जाऊन त्यांना घेऊन येते, मदर म्हणाल्या. धर्मगुरूंनी, अधिकाऱ्यांनी समजावलं की हे शक्य नाही, गोळीबार थांबल्याशिवाय शहराच्या दोन भागांमधल्या रेषेपलीकडे कुणी जाऊ शकत नाही. मदरचं उत्तर असं होतं की मी मारियामातेकडे शस्त्रसंधी मागितला आहे, तिच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या दिवशी आपल्याला जायचं आहे. तो सण १५ ऑगस्टला असतो. अमेरिकेचे दूत फिलिप हबीब यांनाही त्यांनी हेच सांगितलं. ते सगळं बोलणं कॅमेऱ्यात पकडलं गेलं, आणि अॅन व जॅनेट पेट्री या बहिणींनी १९८६ साली प्रदर्शित केलेल्या चित्रपटात आपल्याला ते पाहता येतं. अनुभवी मुत्सद्दी तिथे अत्यंत आदराने, पण अविश्वासाने ऐकताना दिसतात.

१२ ऑगस्टला बैरूतवर भयंकर मारा झाला. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना फोन करून खडसावलं आणि तोफा थांबल्या. १४ तारखेला रेड क्रॉसच्या गाड्या घेऊन मदर पलीकडे गेल्या आणि ३७ मुलं घेऊन आल्या.

रेगन यांच्या फोनमुळे मारा थांबला, असं इतिहासाचा अभ्यासक सांगेल, आणि ते बरोबर आहे. प्रार्थना ऐकली गेली असं मी म्हणते, आणि त्यासाठी मला तो फोन नाकारावा लागत नाही. पण माझ्या दृष्टीने मोलाचं आहे ते वेगळंच. शस्त्रसंधी झाला त्या क्षणी त्या मुलांकडे जायला तयार होऊन बसलेलं माणूस तिथे होतं. प्रार्थना केली नसती तर मदर त्या इस्पितळाच्या दारात उभ्याच राहिल्या नसत्या.

मग प्रश्न येतो, आणि तो टाळणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर होडी परतायला उशीर झाला की घरात जपमाळ सुरू होते. पुष्कळदा होडी येते. कधी येत नाही. येमेनमधल्या अदन शहरात ४ मार्च २०१६ रोजी बंदूकधारी मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या वृद्धाश्रमात शिरले आणि त्यांनी १६ जणांना ठार केलं. त्यांत चार सिस्टर होत्या, दोघी रवांडाच्या, एक केनियाची आणि एक आपल्या झारखंडची. त्यांनीही पहाटे मिस्सा केली होती, प्रार्थना म्हटली होती, आणि मग म्हाताऱ्या माणसांना न्याहारी द्यायला त्या गेल्या होत्या. १९९८ साली त्याच देशात, होदेदा इथे, त्यांच्या तीन सिस्टरांचा खून झाला होता. तरी संस्था तिथे राहिली. युद्ध सुरू झालं, निघून जाण्याची मुभा होती, तरी अदनच्या सिस्टर राहिल्या. केरळचे फादर टॉम उळुन्नालिल यांना अदनच्या हल्ल्याच्या दिवशीच पळवून नेलं. दीड वर्ष ते कैदेत होते. भाकर नाही, द्राक्षारस नाही, पुस्तक नाही, म्हणून ते मिस्सेची प्रार्थना मनातल्या मनात म्हणत. १२ सप्टेंबर २०१७ ला ते सुटले.

वाचलेल्यांची प्रार्थना खरी आणि मेलेल्यांची कमी पडली, असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. अदनच्या चारही जणी जिथे राहायचं ठरवून राहिल्या होत्या, तिथेच होत्या.

आता शेवटची गोष्ट, आणि हिचा धागा आपल्या पुण्याशी जुळतो. मदर गेल्या १९९७ मध्ये. २००७ साली फादर ब्रायन कोलोडियेचुक यांनी त्यांची खाजगी पत्रं प्रसिद्ध केली. ही पत्रं नष्ट करा, असं मदर पुन्हापुन्हा सांगत आल्या होत्या. त्यांतून जगाला कळलं की काम सुरू केल्यापासून मदरना प्रार्थनेत देवाची जाणीवच होत नव्हती. आत नुसता अंधार. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये, पोप बारावे पायस यांच्यासाठी केलेल्या मिस्सेच्या वेळी तो काही आठवडे ओसरला, आणि परत आला. १९६१ साली त्यांनी हे फादर जोसेफ नॉयनर यांना सांगितलं. हे ऑस्ट्रियात जन्मलेले जेझुइट धर्मपंडित, अनेक वर्षं पुण्यात शिकवत राहिले आणि २००९ मध्ये पुण्यातच वारले. त्यांनी मदरना सांगितलं की या अंधारावर माणसाच्या हातात इलाज नाही, पण देवाची ही ओढ ज्याला लागली आहे त्याच्यात देव आहे, ही ओढच त्याची खूण आहे. त्यानंतर मदरनी त्यांना कळवलं की अकरा वर्षांत पहिल्यांदाच हा अंधार मला प्रिय वाटू लागला आहे.

पत्रं बाहेर आली तेव्हा काहींनी लिहिलं की मदरचा विश्वास उडाला होता. मला वाटतं, त्यांनी तारखा नीट पाहिल्या नाहीत. फिलिप हबीब यांच्यासमोर बसून शस्त्रसंधी होणार असं शांतपणे सांगणाऱ्या या बाईंना, १९५८ चे ते काही आठवडे सोडले तर, तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळ प्रार्थनेत कसलाही दिलासा मिळालेला नव्हता. तरी त्यांनी मागितलं, आणि जायची तयारी ठेवली.