मशेरीची डबी आणि लोकशिक्षण

तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजावयाची, तिची बारीक पूड करावयाची आणि ती बोटाने हिरड्यांवर चोळावयाची, ही मशेरीची रीत महाराष्ट्रातील कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कोणी तिला मिसरी म्हणतात. मशेरी लावणारी गृहिणी स्वतःस व्यसनी समजत नाही. आपण दात घासतो, अशीच तिची प्रामाणिक समजूत असते. पुष्कळदा आरंभ होतो तो किडलेल्या दाढेच्या ठणक्याने. शेजारीण डबी पुढे करते, ठणका घटकाभर बधिर होतो, आणि दाढ पडून गेली तरी डबी मात्र कनवटीस राहते. मग दात घासण्याची सकाळ दिवसातून चार-पाच वेळा उजाडू लागते.

हा प्रकार एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. छत्तीसगड आणि ओडिशात गूळ घातलेला गुडाखू, गुजरातेत बजर, बिहार व उत्तर प्रदेशात गूल अशी या एकाच वस्तूची नाना रूपे आहेत, आणि ही सारी दंतमंजनाच्या वेषातच घरात शिरली. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली, हे योग्यच झाले. परंतु कायदा कारखान्याच्या दारापर्यंत जातो. स्वयंपाकघरातील तव्यापर्यंत त्याचा हात कसा पोहोचावा?

जेथे कायदा थबकतो तेथे शिकवण कितपत चालते, या प्रश्नाचे उत्तर सुदैवाने आपल्याच देशात शोधले गेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासण्याचे काम हाती घेतले. एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ग्रामस्थ तपासले गेले. पुढे केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम आणि गुजरातेतील भावनगर या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६,००० लोकांना ती सोडण्याविषयी समजावण्याचा प्रयोग झाला. श्रीकाकुलमकडील काम विशेष अवघड होते. तेथील स्त्रिया चुट्टा ओढतात तो जळते टोक तोंडात ठेवून, आणि त्या धगीने टाळूवर विकार उद्भवतात. तोंड तपासून प्रत्येकाशी बोलणे हा प्रयोगाचा गाभा होता. जोडीला चित्रपट, भित्तिपत्रके, वृत्तपत्रांतील लेख व नभोवाणीही होती. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवय समूळ सोडणारे थोडेच निघाले. तथापि शिकवण न मिळालेल्यांच्या मानाने सोडणारे व कमी करणारे अधिक भरले, आणि कर्करोगाची पूर्वसूचना देणारे पांढरे चट्टेही कमी उद्भवले.

यश मर्यादित होते, पण ते खरे होते. नुसत्या भयाण चित्रांनी लोक हादरतात, आणि हादरलेला मनुष्य बहुधा चित्राकडे पाहणेच सोडून देतो. त्यापेक्षा त्याच्या हाती आरसा द्यावा. पुसून न निघणारा पांढरा अथवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पूर्वीइतके न उघडणारे तोंड, या खुणा दिवसाच्या उजेडात कोणासही दिसू शकतात. तोंड न उघडण्याचा हा विकार मुख्यतः सुपारीचा. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तरीही पाहुण्याच्या मुलाच्या हातावर सुगंधी सुपारी ठेवणे आपल्याकडे आतिथ्यच समजले जाते!

साधनांचा प्रश्न मात्र शिकवणीने सुटणारा नाही. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंत महाविद्यालय काढले, मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले, आणि आज देशात अशी तीनशेहून अधिक महाविद्यालये आहेत. पण त्यांतून बाहेर पडणारे दंतवैद्य बहुतांशी शहरांतच स्थिरावतात. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा व तालुका पातळीवरील रुग्णालयांत दंतोपचाराची सोय वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत. तिशी ओलांडलेल्यांचे तोंड तपासावे, अशी योजनाही झालेली आहे. यात गैर काही नाही. अडचण आहे ती अंतराची. ज्या बाईस एका दाढेसाठी मजुरीचा दिवस बुडवून तालुक्यास जावे लागते, तिला डबी अधिक जवळची वाटणारच. दोष तिच्या अज्ञानाचा कमी आणि एस. टी. च्या भाड्याचा अधिक आहे.

म्हणून ‘मशेरी टाका’ एवढ्यावर उपदेश संपवून भागत नाही. टाकली तर उद्या दात कशाने घासावे, हेही सांगावे लागते. मऊ ब्रशावर थोडीशी फ्लोराइडयुक्त पेस्ट सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी पुरते, मुलांस वाटाण्याएवढी. मशेरी सुटताना पहिले काही दिवस चिडचिड होते, चैन पडत नाही, हेही आधी सांगितलेले बरे, नाही तर बाई त्यालाच दातांचे दुखणे समजते. त्या दिवसांत कोणाशी बोलावेसे वाटले तर १८०० ११ २३५६ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. आणि तालुक्याच्या दवाखान्यात दंतवैद्य कोणत्या वारी बसतो, हे गावातील आशा सेविकेइतकेच डबी पुढे करणाऱ्या त्या शेजारणीलाही ठाऊक असावयास हवे.